गुडघाभर

"पडद्यामागे कोण बसलंय ते आपल्याला कुठे दिसतं, काका?" लायब्ररीच्या जिन्यात मला अडवून दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि मी नेहमीसारखा त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत "हो ना" म्हणालो. "हो ना" म्हटलं की माणसं पुढे जातात, असा माझा अनुभव आहे. डॉक्टर गेले नाहीत. ते आमच्या लायब्ररीच्या समितीवर आहेत, आणि समोरच्याचं तोंड उघडेपर्यंत थांबायची त्यांना धंद्यामुळेच सवय आहे. "मग शनिवारच्या बैठकीत तुम्हीच सांगा. मुलांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती कवितांची वेबसाइट आहे ना, गुडघाभर का घोटाभर, ती चालू ठेवायची की बंद करायची. तुम्ही म्हणाल ते. मुलांच्या हातात काय द्यावं हे तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं?" मग दोन पायऱ्या उतरून, वळून, "माझं मत बंद करा असं आहे. पण ते सोडून द्या. तुमचं काय ते सांगा." डॉक्टर गेले. मी कठड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. रस्त्यात कुणी आपल्या हातात तान्हं मूल ठेवावं, 'जरा धरा' म्हणावं आणि गर्दीत दिसेनासं व्हावं, तसं झालं. मूल जड नव्हतं. पण ते कसं धरायचं तेच आठवेना. माझं मत याआधी कुणी शेवटचं म्हणून मागितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

मुलांची खोली मी निवृत्त होईपर्यंत सांभाळली. त्या कामात माझी एकच रीत होती. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की मी टेबलामागची मोठी खुर्ची सोडून मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसायचो, गुडघे छातीशी, आणि खोली रिकामी असताना एकेक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचो. मोठ्या खुर्चीतून मुलांचं कुठलंही पुस्तक गोडच दिसतं. बुटक्या खुर्चीत बसलं की टेबलाची खालची बाजू दिसते, तिथे चिकटवलेली च्युइंगमची गोळी दिसते, दाराचं हँडल डोक्याच्या वर जातं, आणि मग पुस्तकातलं खोटं आपोआप ऐकू येतं. जिथे माझा आवाज लाडिक व्हायला लागे तिथे मी थांबायचो आणि ते पुस्तक बाजूला ठेवायचो. एवढीच माझी विद्या. मुलं मला 'खुर्चीवाले आजोबा' म्हणायची, माझे केस काळे होते तेव्हापासून. बैठकांमध्ये मात्र मला मोठी खुर्ची मिळायची, आणि तीत बसलं की माझी वाक्यं घशातच राहायची. कित्येक वाक्यं मी अशी घरी घेऊन आलो आणि चप्पल काढता काढता दाराशी बोलून टाकली. फार चांगली वाक्यं होती ती. दाराला सगळी पटली.

संध्याकाळी नातीच्या देखत मुलीला सांगितलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघून घरी आली की तिला आमच्या सगळ्यांचे प्रश्न आकाराने भलतेच मोठे वाटतात, आणि ती ते झटकन लहान करते. "बरं झालं, बाबा. तुम्हीच बघा. मला रोज वाटतं बंद करावं आणि रोज वाटतं असू दे. हिच्या वर्गातल्या एकीला कुठल्याशा खेळाच्या साइटवर एक मुलगा फोटो पाठव, फोटो पाठव म्हणत होता. चांगला मिशीवाला बाप्या निघाला."

"ही साइट नव्हे ना पण?"

"ही नव्हे. पण ही ती नाही हे मला कोण सांगणार? तुम्ही तिथे बंद म्हणालात तर घरीही बंद. चालू म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"सगळं माझ्यावर कशाला टाकतेस?"

"मग कुणावर टाकू? जावई तुमचे समुद्रात. त्यांना विचारलं तर म्हणतात, तू बघ ना."

जावई जहाजावर असतात. सहा महिन्यांचं बोलणं ते चार दिवसांत बोलून जातात. खारू, माझी नात, टेबलाच्या टोकाला चित्र रंगवत बसली होती. तिचं खरं नाव दुसरं आहे, पण पेन्सिलींची टोकं कुरतडून तिने हे नाव कमावलं आहे. आईच्या बोलण्यावर तिने मान वर केली नाही. खुर्चीखाली हलत असलेला तिचा पाय मात्र थांबला. मी तो पाय बघितला. खारू शाळेत बोलत नाही. बाईंनी विचारलं तर उत्तर देते, तेही बाकाला. हे कुणाकडून आलं ते घरात कुणी बोलून दाखवत नाही. आई आत गेल्यावर ती म्हणाली, "आजोबा, बंद केलं तर माझ्या कवितांचं काय?"

"तू लिहितेस तिथे? कुठल्या तुझ्या?"

"ते नाही सांगायचं. तिथे सगळ्यांना टोपणनाव असतं."

"मलासुद्धा नाही?"

"तुला सांगितलं की तू छान म्हणणार. मग मला कसं कळणार?" आणि पाय पुन्हा हलायला लागला, पण आधीसारखा नाही. ऐकत ऐकत हलत होता.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्यावर मी जावयांचा जुना कॉम्प्युटर उघडला आणि 'गुडघाभर' पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिली अडचण तिथेच आली. शेवटचं पान नव्हतं. खाली सरकवावं तर खालून आणखी कविता वर यायच्या. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही अशी सवय असलेल्या माणसाचे यात फार हाल होतात. मी मोठ्याने वाचत राहिलो. काही कविता बाईंनी शिकवलेल्या होत्या. त्यांत झाडं लावा होतं, पाणी वाचवा होतं, फूल आलं की पुढच्या ओळीत मूल येत होतं. माझा आवाज लाडिक व्हायचा आणि मी पुढे जायचो. आणि मग मध्येच, काही सूचना न देता, असं काहीतरी यायचं:

दात पडला.
आता तिथे
जीभ राहायला गेली आहे.

मी थांबलो. माझी जीभ आपोआप मागच्या दाढेच्या जागी गेली. ती दाढ जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तिथे कोण राहतं याचा मी कधी विचार केला नव्हता. आणखी खाली कुणी लिहिलं होतं की लिफ्टच्या आरशात आम्ही चौघं चढतो, आरशातली चौघं कुठल्या मजल्यावर उतरतात? मी खुर्चीतून उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. आयुष्यभर मी कविता वाचल्या, आणि थोड्या लिहिल्याही. त्या कुणाला दाखवल्या नाहीत, कारण त्यांत चूक काहीच नव्हती आणि दुसरंही काही नव्हतं. इथे पेन्सिली कुरतडणारी माणसं होती आणि ती सरळ जाऊन गोष्टीला हात लावत होती. प्रत्येक कवितेत मी खारूला शोधायला लागलो. दात तिचा तर नाही? तिचा दात गेल्याच महिन्यात पडला होता. लिफ्ट तर आमच्या इमारतीला नाहीच. ज्या घरात राहतो त्या घरातली मुलगी अनोळखी गर्दीत कुठेतरी उभी आहे आणि मला ओळखता येत नाही, अशी एक बारीक टोचणी दिवसभर लागून राहिली.

म्हणजे काम चांगलं होतं, यात मला शंका उरली नाही. सुरक्षित होतं का, हा प्रश्न वेगळा. नियम लिहिलेले होते. मुलांनी खरं नाव द्यायचं नाही. फोटो नाहीत. मुलांना एकमेकांना काही लिहून पाठवता येत नाही. कविता आवडली तर तिच्याखाली फक्त एक गोटी ठेवता येते. आणि प्रत्येक कविता दिसायच्या आधी एक मोठं माणूस ती वाचतं, त्याला तिथे राखणदार म्हणतात. वाचून मी मान डोलावली, आणि मग डॉक्टरांचं वाक्य जिन्यातून वर चढत आलं. नियम मोठ्या खुर्चीत बसून लिहिलेले असतात. चांगल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर जे लिहिलेलं असतं तेच वाईटांच्याही असतं. बुटक्या खुर्चीत बसल्याशिवाय मला काही कळणार नव्हतं, आणि ज्याची आयुष्यभराची विद्या एवढीच आहे तो माणूस जी चूक करेल तीच मी केली. मी मूल व्हायचं ठरवलं.

पुढच्या सकाळी त्या दोघी गेल्यावर खातं उघडायला घेतलं. टोपणनाव विचारलं, मी 'शिंपला' लिहिलं. वय, नऊ. मुलगा की मुलगी असं त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी पहिल्याच रिकाम्या जागेत 'मी एक छोटीशी मुलगी आहे' असं लिहून मोकळा झालो. पालकाचा मेल मागितला, तो मी माझाच दिला. माझ्यावर माझीच परवानगी. हे सगळं करायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. नऊ हा आकडा मी दाबला आणि तो उमटला. काहीच अडलं नाही. माझी बोटं, त्यांच्यावरचे तपकिरी डाग, वाकडं झालेलं करंगळीचं पेर, हे सगळं त्या पांढऱ्या चौकोनाच्या अलीकडे राहिलं आणि पलीकडे एक छोटीशी मुलगी उभी राहिली. पडद्यामागे कोण बसलंय? मी. माझी लुंगी, माझा थंड झालेला चहा. तो मिशीवाला माणूस असाच कुठल्यातरी खोलीत बसला असेल, अशाच सकाळच्या उन्हात, आणि त्यालाही काही अडलं नसेल. दाराशी चाहूल लागली तशी मी वर्तमानपत्र उचलून स्क्रीनवर धरलं. शेजारच्यांचं दार होतं. मी वर्तमानपत्र धरून कितीतरी वेळ बसलो होतो, आणि ते उलटं होतं.

मग कविता. पकडायचं तर नीट आमिष लावावं म्हणून मी आमचा पत्ताच कवितेत घातला. माझे आजोबा गोड गोड हसतात, गोष्टी सांगत पलंगावर बसतात, असं सुरू केलं. लिहिताना मला त्या आजोबांचा राग आला, पण मुलं असंच लिहितात असं मला वाटलं. मग पोस्टाच्या शेजारी पिवळी इमारत, चौथ्या मजल्यावर आमचं घर. मग मी आणि आई सकाळी निघून जातो. आणि इथे यमक जुळवायला मी थांबलो असताना, बोटांनी मला न विचारता लिहिलं:

आजोबा दार लावतात
आणि दारावर हात ठेवून उभे राहतात.

हे मी रोज करतो. त्या दोघी निघाल्या की दार ओढून घेतो आणि तळहात लाकडावर टेकवून उभा राहतो. का, ते मला सांगता येणार नाही. काही ऐकत नसतो, काही मागत नसतो. पाण्यात सोडलेली वस्तू किती लांब गेली ते हाताला कळत राहावं तसं काहीतरी. मग भान आलं की कडी लावतो आणि चहाची भांडी विसळतो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. यमकाची सोय नव्हती म्हणून त्या ओळी तशाच राहू दिल्या आणि कविता पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शिंपल्याला एक आणि शिंपल्याच्या पालकाला एक, म्हणजे दोन्ही मलाच. शिंपल्याला लिहिलं होतं की तुझ्या घराचा पत्ता असलेल्या ओळी मी कुणालाही दाखवलेल्या नाहीत. आपण कुठे राहतो, घरी कोण कधी नसतं, हे इथे कवितेत घालायचं नाही. हे पत्र घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखव. पालकाला लिहिलं होतं की मुलीशी याबद्दल शांतपणे बोला, तिला रागावू नका. मी स्वतःला रागावलो नाही. बरं वाटलं, पण पुरेसं नाही. डॉक्टर म्हणतील, पत्ता तर यंत्रसुद्धा गाळतं, काका. पडद्याच्या त्या बाजूला माणूस आहे का? तेव्हा मी शिंपला होऊन पुन्हा लिहिलं, धन्यवाद राखणदारताई, त्या ओळी मी काढते, बाकीची कविता लावाल ना? राखणदार ताई आहे की दादा हे मला ठाऊक नव्हतं. पण लाडिक व्हायला लागलं की माणसाला थांबता येत नाही.

शुक्रवारी दुपारी दुसरं उत्तर आलं. ते मी उभ्यानेच वाचलं.

"नमस्कार. हे शिंपल्याला नाही, शिंपल्याच्या नावाने लिहिणाऱ्या मोठ्या माणसाला आहे. कवितेच्या पहिल्या ओळी मुलं लिहितात तशा नाहीत, मोठ्यांना मुलं जशी हवी असतात तशा आहेत. पण तेवढ्यावरून मी कुणाला मोठं ठरवत नाही. आपल्याला खूश करायला मुलंही असं लिहितात. शेवटची ओळ मात्र खरी आहे. दार लागल्यावर आजोबा आतून काय करतात हे बाहेर पडलेल्या मुलीला दिसत नाही. ते फक्त आत उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं. तुम्ही का आलात ते मला ठाऊक नाही. कदाचित मनात वाईट काही नसेल. तरीही मुलांच्या नावाने मोठ्यांना इथे येता येत नाही. शिंपल्याचं खातं बंद केलं आहे आणि तुमच्या मेलवरून ते पुन्हा उघडणार नाही. तशा आणखी ओळी तुमच्याकडे असतील तर त्या मोठ्या माणसाच्या नावाने, मोठ्यांसाठी लिहा. राखणदार."

कान आधी तापले. या वयात चोरी पकडली जाणं म्हणजे काय ते कानांना बरोबर कळतं. मी खाली बसलो. मला वाटलं आता रडू येणार, पण आलं ते हसू. मोठ्याने, एकट्याने, रिकाम्या घरात. मला नदी आठवली. लहानपणी आम्ही भावंडं नदीवर जायचो तेव्हा बाबा पाण्यात उतरून आमच्या खालच्या अंगाला, पाणी वाहत जातं त्या बाजूला, उभे राहायचे. धोतर खोचून, दोन्ही हात पसरून, चष्म्यासकट. बाकीच्या मुलांचे वडील पोहायचे, सूर मारायचे. आमचे नुसते उभे. मला त्यांची लाज वाटायची. एकदा पायाखालचा दगड निसटला आणि पाण्याने मला उचललं. आकाश आणि हिरवं पाणी आलटून पालटून तोंडात येत होतं, आणि मग एकदम मी कशावर तरी आपटलो. बाबांचे पाय. दोन बारीक, केसाळ, न हलणारे पाय. त्यांनी मला ओढून काढलं नाही, रागावले नाहीत. वरच्या दिशेला तोंड करून पुन्हा उभं केलं, एवढंच. त्यांना पोहता येत नव्हतं हे आईने मला ते गेल्यावर सांगितलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा वाहत गेलो होतो आणि कुठल्यातरी न दिसणाऱ्या माणसाच्या पायांवर आपटलो होतो. खाली कुणीतरी उभं होतं. हाकललेल्या माणसाला इतका आनंद व्हावा हे कुणाला समजावून सांगता आलं नसतं. आणि नेमकं तेच मला उद्या सांगायचं होतं.

बैठकीत मला मोठी खुर्ची होती. अध्यक्षबाई टोकाला, बोटात पेन फिरवत. मी दुसऱ्या बटणाकडे बघायला लागलो तर डॉक्टरांनी त्या दिवशी स्वेटर घातला होता आणि बटणच नव्हतं. "बोला काका," ते म्हणाले. "चालू की बंद?" घरून पाठ केलेली चार वाक्यं घशापर्यंत आली, नेहमीच्या जागी बसली. मग मी एक गोष्ट केली. उठलो, शेजारच्या मुलांच्या खोलीत गेलो, बुटकी खुर्ची उचलून आणली, टेबलाशी ठेवली आणि तीत बसलो. टेबल माझ्या हनुवटीपर्यंत आलं. खालून डॉक्टरांचे नाकातले केस दिसत होते, आणि नाकातले केस दिसणाऱ्या माणसाची फार भीती वाटत नाही.

"मला तिथून हाकलून दिलं," मी म्हणालो.

"कुठून?"

"गुडघाभरमधून. मी नऊ वर्षांची मुलगी बनून गेलो होतो."

अध्यक्षबाईंच्या बोटातलं पेन थांबलं. डॉक्टर पुढे वाकले. "तुम्ही? मुलगी?"

"हो. नाव शिंपला." कुणीतरी खुसखुसलं. माझे कान तापले, पण मी थांबलो नाही. थांबायचं कुठे ते सापडेना म्हणून असेल. "तुम्ही म्हणालात ना, पडद्यामागे कोण बसलंय. म्हणून मी बसलो. बसणं सोपं आहे. फार सोपं आहे, डॉक्टर, तुमची भीती खोटी नाही. पत्ता घातला, त्यांनी तो गाळला. मग मी ताई, ताई करत गोड बोललो. आणि मग मला पकडलं. एका ओळीवरून." मी ते उत्तर वाचून दाखवलं. दारावरच्या हाताची ओळही वाचली. वाचताना आवाज लाडिक झाला नाही, हे माझं मलाच ऐकू आलं. कुणी हसलं नाही.

"आणि उद्या तुमच्यापेक्षा हुशार माणूस आला तर?" डॉक्टर म्हणाले. आवाज खालचा होता. खरंच विचारत होते.

"येईल. त्याला मुलांशी तिथे बोलता येणार नाही, फोटो मागता येणार नाही. तो कविता लिहील, आणि ती आधी कुणीतरी अशी वाचेल." मी कागदावर बोट ठेवलं. "पाणी म्हटलं की पाय घसरणार. काही होणारच नाही असं मी नाही म्हणत. खालच्या अंगाला कुणी उभं आहे का, एवढंच मला बघता येतं. आहे. मी आपटून आलोय." मग मला आठवलं की अर्धं राहिलं. "आणि त्यात मुलं काय लिहितात तेही ऐका. नाहीतर राखण कशाची चाललीय ते कळायचं नाही." मी दाताची कविता म्हटली. तीनच ओळी. संपल्यावर मी वर पाहिलं तर दातांच्या डॉक्टरांचा उजवा गाल आतून हळूच फुगला होता. जीभ कुठेतरी जाऊन बघून येत होती. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि गाल चटकन बसला. मग सगळेच हसले, आणि सर्वांत मोठ्याने तेच. "इतकी वर्षं दात काढतोय," ते म्हणाले, "हे मला एकाही पेशंटने सांगितलं नाही."

"तुम्ही त्यांच्या तोंडात कापूस भरता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साइट चालू राहील. पण मुलं बसतात तेव्हा खोलीत कुणीतरी मोठं हवं. काका, तुम्ही बसा."

"मला बंदी आहे, बाई."

"साइटवर. खुर्चीवर नाही."

मी "हो ना" म्हणालो नाही. "बसेन" म्हणालो. जिन्यावरून उतरताना कठड्याला हात लावला नाही हे खाली आल्यावर लक्षात आलं. घशात काहीच नव्हतं. दाराला सांगायला एकही वाक्य उरलं नव्हतं. घरी गेल्यावर मुलीने सगळं दोनदा सांगायला लावलं. "घराचा पत्ता, आणि वर सकाळी घरी एकटा म्हातारा असतो हेही? चोरांना आमंत्रणपत्रिकाच छापायची राहिली होती, बाबा!" ती डोळे पुसत होती, हसून की कशाने ते मी बघितलं नाही. खारू मात्र माझ्याभोवती फेऱ्या मारत होती. "आजोबा, तुला हाकललं? खरंच हाकललं? तुझं खातंच बंद?" शाळेत बाकाशी बोलणारी मुलगी, तिचा आवाज चौथ्या मजल्यावरून पोस्टापर्यंत गेला असेल.

पुढच्या आठवड्यात मी मुलांच्या खोलीत बुटक्या खुर्चीत बसलो. खारूने येऊन माझी खुर्ची धरली आणि फिरवून भिंतीकडे केली. "तुला बंदी आहे. बघायचं नाही. मी वाचते, तू ऐक." मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर कुणाच्यातरी लहान हाताचा मळका ठसा होता, माझ्या डोळ्यांसमोरच. मोठ्या खुर्चीतून तो कधी दिसला नसता. पाठीमागून ती एकामागून एक वाचत गेली, कुणाची मांजर, कुणाची रबरी चप्पल, आणि त्याच सुरात, जराही न थांबता:

दार लागतं.
कडी लागत नाही.
मी जिना उतरत राहते.
अगदी खालच्या पायरीवर गेले
की वर कडी लागते.
तोवर आजोबा
माझ्याबरोबर उतरत असतात.

भिंतीवरचा ठसा थोडा पुसट झाला, मग पुन्हा स्पष्ट झाला. राखणदाराचं बरोबर होतं. आतलं फक्त आतल्या माणसाला माहीत असतं. पण बाहेरचं बाहेरच्या माणसाला. माझ्या जिभेवर 'छान' आलं होतं, आणि मी ते गिळलं. आयुष्यात इतकं चविष्ट काही मी गिळलं नव्हतं.

"काही म्हणत का नाहीस?" मागून आवाज आला.

"ऐकतोय."

"कुणाची असेल ती?"

"नाव नाही सांगायचं," मी भिंतीला म्हणालो. मागे खुर्चीखाली पाय हलायला लागला. खुर्ची किरकिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी निघाल्या. डबा राहिला, परत आल्या, पुन्हा निघाल्या. मी दार ओढून घेतलं आणि तळहात लाकडावर टेकवला. जिन्यावर आधी आईच्या टाचा, घाईच्या. त्यांच्यामागे बुटांची टपटप, एकेक पायरी, खाली, आणखी खाली. मी उतरत होतो. अगदी तळाशी गेल्यावर टपटप थांबली. टाचा फाटकाबाहेर गेल्या, "चल ना गं" असं लांबून ऐकू आलं, पण पावलं हलली नाहीत. ती थांबली होती. मी हात उचलला आणि कडी लावली, इमारतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि खाली जिन्यातून धावत सुटलेली पावलं उन्हात निघून गेली.